जपानात वर्षभर लिहीत-फिरत राहायचं असेल तर

एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे वर्ष मी क्योतोत काढलं. गेले ती जपानी भाषा शिकायला. वर्षभर पोट लिहिण्यावर आणि अनुवादावर चाललं, आणि फिरणंही लिहिण्यासाठीच झालं. परत आल्यापासून लिहिणारी मंडळी भेटली की तीन प्रश्न ठरलेले असतात. व्हिसा कोणता घेतलास, पैसे किती लागले, आणि सगळं जपान बघून झालं का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला सविस्तर द्यायची आहेत, कारण ती मला कुणी नीट दिली नव्हती. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. होक्काइदो आणि ओकिनावा मी पाहिलंच नाही. एका शहरात राहिले आणि तिथून दोन तासांवरच्या एका खेड्यात वर्षभरात पाच वेळा गेले. जे काही मनासारखं लिहून झालं ते बहुतेक त्या पाच खेपांमधून आलं. त्यामुळे तुम्ही जाणार असाल तर माझा आग्रह एवढाच आहे की गावं मोजू नका. एकाच ठिकाणी परत परत जाता येईल अशी वर्षाची आखणी करा. पुढचं सगळं त्या आखणीबद्दल आहे.

आधी परवानगी, मग तिकीट

पर्यटक व्हिसावर जाऊन लॅपटॉप उघडून बसणं हा मार्ग मनातून काढून टाका. त्या व्हिसावर मोबदल्याचं काम करता येत नाही. जपानचा वर्किंग हॉलिडे करार, म्हणजे तरुणांना फिरता फिरता काम करू देणारा, ज्या देशांशी आहे त्यांत भारत नाही. मार्च २०२४ मध्ये कुठूनही ऑनलाइन काम करणाऱ्यांसाठी डिजिटल नोमॅड व्हिसा सुरू झाला, तेव्हा मला किती जणांनी ती बातमी पाठवली! तो सहा महिन्यांचा असतो, त्याला वर्षाचं किमान १ कोटी येन उत्पन्न लागतं आणि त्याच्या यादीतही भारतीय पासपोर्ट नाही. लेखक-कलावंतांसाठी ‘गेइजुत्सु’ नावाचा निवासाचा वेगळा दर्जा आहे, पण तिथे केवळ आपल्या कलेवर पोट भरतं हे कागदोपत्री दाखवावं लागतं. मराठी लेखनाच्या मानधनाच्या पावत्या जोडून ते दाखवणं मला शक्य नव्हतं. पैसे न घेता एखादी जपानी कला शिकायची असेल तर ‘बुन्का कात्सुदो’ हा दर्जा आहे. तुमच्याकडे वर्षभराची शिल्लक असेल आणि शिकवणारा गुरू ठरलेला असेल तर त्याचा जरूर विचार करा.

माझ्यासाठी उरला भाषाशाळेचा रस्ता. या शाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत होतात. एप्रिलला जायचं तर आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कागद शाळेकडे पोचायला हवेत. बहुतेक शाळा आधी जपानी शिकल्याचा पुरावा मागतात. साधारण दीडशे तासांच्या वर्गाचं प्रमाणपत्र किंवा जपानी भाषेची एन-५ ही सुरुवातीची परीक्षा, यातलं काहीतरी लागतं. शाळा तुमच्या वतीने जपानच्या इमिग्रेशनकडे अर्ज करते आणि पात्रतेचं प्रमाणपत्र मिळवते. ते तीन महिने चालतं. त्याच्या आधारावर मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासातून व्हिसा होतो. वर्षाची फी साधारण ७ ते ८.५ लाख येन धरा. मी होते तेव्हा १०० येन म्हणजे ५२ ते ६० रुपये पडत होते.

मी तेव्हा ३७ वर्षांची होते. या वयात भाषा कशासाठी शिकायची, हा प्रश्न अर्जात येतोच. मी तिथे गोड गोड काही लिहिलं नाही. मी मराठीत लिहिते, जपानी कारागिरांशी दुभाष्याशिवाय बोलायचं आहे, आतापर्यंत छापून आलेल्या लेखांची यादी सोबत जोडली आहे, एवढंच लिहिलं. तुमचं खरं कारण जे असेल ते साध्या वाक्यांत लिहा आणि त्याला पुरावा जोडा.

आता ती गोष्ट, जी मला उशिरा कळली. विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करायची परवानगी मिळते. विमानतळावर पहिल्यांदा उतरतानाच तो फॉर्म भरून देता येतो, आणि निवासपत्राच्या मागच्या बाजूला तसा शिक्का बसतो. पण ही सरसकट परवानगी आहे ती नोकरीसारख्या कामाला, म्हणजे दुकानात, उपाहारगृहात, जिथे तुमचे तास दुसरा कुणी मोजतो. आपण घरी बसून लेखावर मानधन घेतो, अनुवादाचं शब्दावर बिल करतो. ते काम यात आपोआप बसत नाही. त्यासाठी इमिग्रेशन कार्यालयात वेगळा, स्वतःच्या नावे अर्ज करावा लागतो. त्याला ‘कोबेत्सु क्योका’ म्हणतात. क्योतोचं कार्यालय मारुतामाचीला आहे. मी अनुवादाचा करार, दोन संपादकांची पत्रं, महिन्याला किती पैसे अपेक्षित आहेत त्याचा तक्ता आणि आठवड्याचे तास कसे मोजणार त्याचं एक पान, एवढं जोडलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले. तोवर मी एकही पैशाचं काम घेतलं नाही, आणि ते पाच आठवडे साठवलेल्या पैशांवर काढावे लागणार हे आधी माहीत नसल्याने माझी बरीच ओढाताण झाली. तुम्ही ते गृहीत धरूनच जा.

‘काम भारतातल्या माणसाचं, पैसे भारतातल्या खात्यात, जपानला कसं कळणार?’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. जपानात बसून केलेलं काम हे जपानात केलेलं काम आहे, इमिग्रेशनच्या दृष्टीने आणि कराच्या दृष्टीनेही. मी एक लहान वही ठेवली होती. बसले की वेळ लिहायची, उठले की वेळ लिहायची, रविवारी बेरीज करायची. हे २८ तास कोणत्याही वारापासून मोजले तरी सात दिवसांत २८ च्या आतच राहावे लागतात, म्हणून ‘या आठवड्यात जास्त, पुढच्यात कमी’ हा हिशोब चालत नाही. या वहीचा मला एरवीही उपयोग झाला. एका हजार शब्दांच्या लेखाला मला खरोखर किती तास लागतात हे पंधरा वर्षं लिहूनही मला माहीत नव्हतं.

पैसे

माझं उत्पन्न तीन वाटांनी यायचं. एका कंपनीचं इंग्रजीतून मराठी अनुवादाचं काम दरमहा ठरलेलं होतं, आणि घरभाडं-जेवण त्यावर निघायचं. पुरवण्यांतले आणि दिवाळी अंकांतले लेख ही दुसरी वाट. त्यांचे पैसे कमी आणि उशिरा, पण गेले होते ते त्यासाठीच. तिसरी वाट जपानी लेखनाची. ती हिवाळ्यात जेमतेम सुरू झाली. निघण्याआधी एक तरी दरमहाचं काम पक्कं करा. तिथे जाऊन शोधू म्हणाल तर सकाळचे वर्ग, गृहपाठ आणि नवं गाव यातून ते होत नाही.

खर्च माझा महिन्याला १ लाख ५ हजार येनच्या आसपास राहिला. सामायिक घरातली खोली वीज-पाण्यासकट ४३ हजार, जेवण २८ हजार, विमा आणि फोन मिळून साडेचार हजार, प्रवासाला सरासरी २० हजार, बाकी वह्या, पुस्तकं, सटरफटर. स्वतंत्र फ्लॅट घेतला तर अनामत आणि हमी देणाऱ्या कंपनीची फी लागते, आणि पुष्कळदा ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कमही. एका वर्षासाठी हे परवडत नाही. सामायिक घर घ्या, फक्त खोलीत टेबल मावतं का ते आधी विचारा. माझ्या खोलीत मावत नव्हतं. मी बुटकं चौरंगासारखं टेबल घेतलं आणि महिन्याभरात पाठ धरली.

कराचं थोडक्यात सांगते. जाण्याआधी तुमच्या सीएकडे एक तास बसा, कारण त्या वर्षी तुम्ही भारतात किती दिवस आहात यावर पुष्कळ काही ठरतं. जपानात विवरणपत्र १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात भरतात. जपानी प्रकाशन लेखाचं मानधन देतं तेव्हा १०.२१ टक्के कर आधीच कापतं. माझ्या पहिल्या जपानी मजकुराचे ६,००० येन ठरले होते, हातात आले ५,३८८. उत्पन्न कमी असेल तर हे कापलेले पैसे परत मागता येतात, आणि नुसता परतावाच मागायचा असेल तर जानेवारीपासूनच अर्ज करता येतो. मार्चमध्ये देश सोडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, नाहीतर पैसे येईपर्यंत बँकेचं खातं बंद झालेलं असतं.

पहिले पंधरा दिवस

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवायचा. तिथेच राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घालतात, मग दवाखान्यात बिलाचा ३० टक्के भाग आपण भरायचा. पेन्शनची खिडकीही तिथेच असते. वीस ते एकोणसाठ वर्षांच्या सगळ्यांना तिची नोंदणी लागते, पण विद्यार्थ्याने आणि कमी उत्पन्नवाल्याने त्याच दिवशी सवलतीचा अर्ज मागून घ्यावा. निवासपत्र सतत जवळ बाळगायचं, दूध आणायला गेलात तरी. औषधं नेताना डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. एक महिन्यापेक्षा जास्त साठा असेल तर आधी परवानगी लागते, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असतं त्या नेताच येत नाहीत.

सायकल घ्या. क्योतो सपाट आहे, कामो नदीच्या काठाने गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं. कुठेही लावू मात्र नका, उचलून नेतात. जळाऊ कचरा महापालिकेच्या पिवळ्या पिशवीत, बाटल्या-डबे पारदर्शक पिशवीत. हे पहिल्या दिवशीच घरातल्या कुणाला तरी विचारून घ्या. शेजाऱ्यांशी नातं तिथूनच सुरू होतं.

दिवस कसा लावायचा

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. हे आपल्याला फार सोयीचं पडतं आणि त्याचा पुरेपूर उपयोग करा. शाळेत सकाळचा वर्ग मागून घ्या. माझा नऊ ते साडेबारा होता. आपल्याकडे संपादक अकराला जागेवर येतात तेव्हा क्योतोत अडीच वाजलेले असतात. म्हणजे वर्ग झाला, जेवण झालं, तासभर निवांत लिहून झालं की मग फोन वाजायला लागतो. उलट बाजूने मात्र सांभाळा. आपल्याकडचे संध्याकाळचे सात म्हणजे तिथले साडेदहा, आणि लाकडी घरात भिंती पातळ असतात. साडेनऊनंतर फोन घेणार नाही हे मी सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळवलं होतं.

लिहायला जागा शोधावी लागते. वाचनालयांत सगळीकडे लॅपटॉप चालत नाही, त्यासाठी वेगळ्या जागा राखलेल्या असतात आणि त्या लवकर भरतात. आधी काउंटरवर विचारा. मी ओकाझाकीच्या प्रीफेक्चरल, म्हणजे प्रांताच्या ग्रंथालयात वहीवर कच्चं लिहायची आणि घरी येऊन टंकायची. हाताने लिहिणं पंधरा वर्षांपूर्वी सुटलं होतं, ते तिथे परत आलं. त्याला कारण आमच्या लेखनाच्या बाई. त्या निबंध ‘गेन्को योशी’वरच मागायच्या. वीस गुणिले वीस अशी ४०० चौकटींची पानं, एका चौकटीत एक अक्षर, विरामचिन्हालाही स्वतंत्र चौकट. जपानात आजही लेखाची लांबी सांगताना अशी किती पानं हे विचारतात. चौकटीत अक्षर बसवताना प्रत्येक शब्दाची जागा डोळ्यांना दिसते. हे वळण मी मराठीतही घेतलं. दोन ओळींत सांगून होईल त्याला पाच ओळी दिल्या की आता मला ते पानावर दिसतं.

विषय

जाताना प्रत्येकाच्या मनात एकच यादी असते: भारताशी जोडलेलं जपान. ७५२ मध्ये नाराच्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली. ओकायामाची कोराकुएन बाग पाहून पुण्याचं पु. ल. देशपांडे उद्यान बेतलं. हे सगळं खरं आहे आणि सुंदर आहे, पण ते तुमच्याआधी पुष्कळांनी लिहिलेलं आहे. संपादक पटकन हो म्हणतात म्हणून हातात एक असा विषय ठेवा, वर्षभर त्यावरच राहू नका.

माझा तसा विषय होता इकोमाच्या होझान्जी मंदिरातला कांगितेन, म्हणजे जपानातला आपला गणपती. सप्टेंबरात गणेशोत्सव होता, म्हणून लेख ऑगस्टमध्ये दिला. डोंगरावर जायला जपानमधली सर्वांत जुनी केबल रेल्वे आहे, १९१८ ची. वर पोचल्यावर कळलं की कांगितेनाची मूर्ती दडवलेली असते, तिचं दर्शन होत नाही. पहिल्या तासाला मी हिरमुसले, कारण मनात लेख मूर्तीपासूनच सुरू झाला होता. मग पायऱ्यांवर बसून लोक काय करतात ते टिपत राहिले. कुणी थैलीच्या चिन्हाला हात लावत होतं, कुणी पावती घेऊन दोनदा मोजत होतं, एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक वळणावर थांबून नमस्कार करत वर येत होते. लेख त्यांच्यापासून सुरू झाला. दिसत नाही त्याबद्दल माहिती भरत बसण्यापेक्षा समोर दिसतं ते लिहावं, हे मला तिथे उमगलं.

पण मन लावून केलेला विषय निराळा होता. क्योतो प्रीफेक्चरमध्येच आयाबे नावाचं गाव आहे. क्योतोहून साध्या गाडीने, सोनोबेला गाडी बदलून, दोन तास. तिथून पुढे मोजक्या बस कुरोतानी नावाच्या खोऱ्यात जातात. या खोऱ्यात आठशे वर्षांपासून हाताने कागद करतात, आणि आज कागद करणाऱ्यांची सहकारी संस्था आहे. मे महिन्यात पहिल्यांदा गेले तेव्हा मी चार तासांत ‘सगळी’ माहिती घेतली आणि परतले. गाडीत वही उघडली तर तिच्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी माहितीपत्रकात नाही.

कारण साधं होतं. कागदाचं खरं काम हिवाळ्यात होतं आणि मी उन्हाळ्यात गेले होते. कोझो झाडाच्या फांद्या पानं गळल्यावर तोडतात, वाफवतात, साल सोलतात, साल शिजवतात, आणि त्यातला एकेक काळा ठिपका वाहत्या पाण्यात हाताने वेचून काढतात. मग तंतू पाण्यात सोडून त्यात तोरोरो-आओई नावाच्या झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हे झाड आपल्या भेंडीच्या कुळातलं. भेंडी चिरताना हाताला जी तार लागते, तसाच तो रस. त्याने तंतू तळाला न बसता पाण्यात तरंगत राहतात आणि साच्यावर सारखे पसरतात. उष्णतेने ही तार तुटते, म्हणून कडाक्याची थंडी लागते. हे मला कोणत्याही पुस्तकातून इतकं कळलं नसतं जितकं जुलैमध्ये झाड पाहून, सप्टेंबरात पिवळी फुलं पाहून, डिसेंबरात वाफवलेल्या सालीचा रताळ्यासारखा वास घेऊन आणि फेब्रुवारीत त्या पाण्यात स्वतःचा हात मनगटापर्यंत घालून कळलं. पाण्यातून हात काढल्यावर बोटं मिटत नव्हती. समोरच्या आजी ते काम सकाळपासून करत होत्या.

म्हणून सांगते, जाण्याच्या पहिल्या महिन्यात एक अशी जागा निवडा जिथलं काम ऋतूंप्रमाणे बदलतं. भातशेती, चहा, मिसो, मासेमारी, कागद, काहीही. घरापासून दोन-अडीच तासांत, साध्या गाडीने जाता येईल अशी. मग शाळेच्या सुट्ट्या पाहून वर्षभरातले चार-पाच दिवस आत्ताच कॅलेंडरवर लिहून टाका. दुसऱ्या खेपेला लोक ओळखतात. तिसऱ्या खेपेला चहा विचारतात. तुम्ही न विचारलेलं सांगायला लागतात ते चौथ्या खेपेपासून.

माणसांशी बोलताना

न कळवता जाऊ नका. आधी पत्र किंवा ईमेल, त्यात तुम्ही कोण, कुठे छापून येणार, किती वेळ हवा, फोटो काढणार का, हे सगळं. शाळेतल्या बाईंकडून किंवा कोकोका या केआगेजवळच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात भेटणाऱ्या स्वयंसेवकांकडून ते पत्र एकदा तपासून घ्या. नावाचं कार्ड छापून घ्या, एका बाजूला जपानी. ते दोन्ही हातांनी द्यायचं, आणि समोरच्याचं कार्ड बोलणं संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवायचं, खिशात कोंबायचं नाही. जाताना खाऊची छोटी खोकी न्या, एकेक वडी वेगळी बांधलेली, म्हणजे ती कामावरच्या सगळ्यांत वाटता येते.

‘तुम्ही हे काम का करता?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याला प्रत्येक जण तेच नम्र उत्तर देतो. ‘काल दिवसभर काय केलंत?’ हे विचारा. मोडक्यातोडक्या जपानीतही या प्रश्नाचं उत्तर कळतं, कारण सांगणारा हाताने करून दाखवतो.

आणि फोटो. इथे माझ्या हातून चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. मे महिन्यात मी त्या आजींना फोटो काढू का असं विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या होत्या. मी त्यांच्या हातांचा फोटो काढला. पाण्यातले, पेरं सुजलेले हात. चेहरा नव्हता. पुरवणीतल्या लहानशा लेखासोबत तो छापून आला आणि सप्टेंबरात मी आनंदाने तो अंक त्यांना नेऊन दिला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग अंक घडी करून मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, “कामी ओ मिते होशीकात्ता.” कागद बघायला हवा होता. आवाज चढला नव्हता, चहाही नेहमीसारखा मिळाला. पण वेचणीची परात त्यांनी पाठीमागे सरकवली, आणि त्या दिवशी मला त्यांचे हात पुन्हा दिसले नाहीत.

जपानीत दोन वेगळी क्रियापदं आहेत. फोटो काढणं म्हणजे ‘तोरु’, छापणं म्हणजे ‘नोसेरु’. मी पहिलं विचारलं होतं, दुसरं विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी क्योतोला परत येताना गाडीतूनच दिवाळी अंकाच्या संपादकांना कळवलं की मोठ्या लेखासोबत पाठवलेला हातांचा फोटो काढून टाका. अंक जुळणीला गेला होता, तरी त्यांनी तो बदलला. त्याजागी खिडकीसमोर धरलेल्या कागदाचा फोटो गेला. तेव्हापासून मी दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारते, आणि निवडलेला फोटो छापायच्या आधी दाखवते. तिथे मजकूरही आधी दाखवण्याची अपेक्षा पुष्कळदा असते. मराठी लेख त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी त्यांची वाक्यं आणि आकडे तेवढे जपानीत लिहून पाठवायची. दोनदा चुका सापडल्या. एक तर सरळ दहापटीची होती. जपानीत दहा हजारांचं एकक ‘मान’ असतं, तिथे आपला हमखास गोंधळ होतो. आकडा नेहमी कागदावर लिहून घ्या.

फिरणं

देशभर चालणारा जेआर (जपान रेल्वे) पास निवासपत्रधारकांना मिळत नाही, तो तात्पुरत्या भेटीवर आलेल्यांसाठी आहे. आपल्या उपयोगाचं आहे ‘सेइशुन १८’ तिकीट. नावात १८ असलं तरी वयाची अट नाही. शाळांच्या सुट्ट्यांच्या काळात, म्हणजे वसंतात, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात ते निघतं आणि जेआरच्या साध्या गाड्यांवर दिवसभर कितीही फिरता येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात मी १२,०५० येनमध्ये पाच सुटे दिवस वापरले. त्या हिवाळ्यापासून नियम बदलला. आता सलग तीन दिवस १०,००० येनला किंवा सलग पाच दिवस १२,०५० येनला मिळतात. त्यामुळे आखणी आधी करावी लागते.

साध्या गाड्यांचा मला लेखिका म्हणून फार फायदा झाला. शाळकरी मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, क्रिकेटच्या नव्हे तर बेसबॉलच्या गणवेशातली पोरं. ओकायामा ओलांडून ओनोमिचीपर्यंत गेले तेव्हा गाडी बदलताना वीस-वीस मिनिटं फलाटांवर काढली, आणि बहुतेक टिपणं त्या बाकांवर झाली. एका दिवसात चार तासांहून जास्त गाडीत बसू नका, एका जागी किमान दोन रात्री राहा, आणि परतल्यावर दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका. वहीतलं लगेच नीट लिहून काढलं नाही तर आठवड्यात अक्षरही लागत नाही.

वर्षाचं वेळापत्रक लावताना आपल्या दिवाळी अंकांची तारीख आधी धरा. बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टपर्यंत मजकूर मागतात. म्हणजे एप्रिलला उतरलेल्या माणसाला पहिल्या मोठ्या लेखासाठी चार महिनेच मिळतात. क्योतोत जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस असतो, तो काळ घरात बसून लिहिण्याचा. जुलैत गिओन मात्सुरी, म्हणजे क्योतोचा रथांचा मोठा उत्सव. १७ आणि २४ तारखेच्या मिरवणुकांना तुफान गर्दी असते. मी ती एकदा पाहिली, पण लिहिलं ते आदल्या आठवड्यात रस्त्यावर रथ बांधणाऱ्या सुतारांबद्दल. ते एकही खिळा न मारता, दोरांनी सांगाडा आवळतात. ऑगस्टचा उकाडा सोसत नाही, तेव्हा समुद्राकडे जा. क्योतो प्रीफेक्चरच्या उत्तरेला समुद्राकाठी इने आहे, पाण्यावर उभी असलेली सुमारे २३० होडीघरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा कामाचा खरा मोसम. मला सगळ्यात जास्त मजकूर याच चार महिन्यांनी दिला.

जेवणाचं एकच सांगते. ‘मांस नको’ म्हटलं की मासा चालतो असंच समजतात, आणि रश्शात सुक्या माशाचा अर्क असतोच. शाकाहारी असाल तर एक चिठ्ठी जपानीत लिहून जवळ ठेवा आणि समुद्री शेवाळाचा, म्हणजे कोम्बूचा रस्सा मागा.

निघताना

फेब्रुवारीत शेवटच्या खेपेला मी दिवाळी अंक घेऊन गेले. आजींनी लेखाचं पान उघडलं, खिडकीसमोर धरलेल्या कागदाच्या फोटोवरून बोट फिरवलं आणि मग अंकाचं पान दोन बोटांत चोळून पाहिलं, उजेडाकडे धरलं. तंतू कोणत्या दिशेने गेलेत ते मला दाखवलं. आमच्या छापील कागदालाही दिशा असते, हे मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

आवराआवर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सुरू करा. वॉर्ड कार्यालयात देश सोडत असल्याची नोंद करायची, विमा बंद करायचा, आरोग्याचं काही राहिलं असेल तर त्याआधीच डॉक्टरकडे जायचं. फोन आणि बँक सगळ्यात शेवटी, परताव्याचे पैसे जमा झाल्यावर. निवासपत्र विमानतळावर परत द्यायचं. टेबल, गादी, सायकल असल्या मोठ्या वस्तू अशाच टाकता येत नाहीत. महापालिकेला फोन करून दिवस घ्यावा लागतो आणि दुकानातून शुल्काची चिकटपट्टी आणून लावावी लागते. मार्चमध्ये सगळं शहर घरं बदलत असतं, दिवस लवकर मिळत नाही. माझं ते बुटकं टेबल खालच्या मजल्यावरच्या मुलीने ठेवून घेतलं, तिला आधी पाठीचं सांगितलं आणि एक जाड उशीही सोबत दिली.